वाळीत टाकणाऱ्यांचे बळ कोणाच्या हाती?

पेलाभर चहा आणि दोन बिस्किटे एवढ्याने कोणाचा धर्म बुडतो काय, असे आज कोणी विचारले तर शाळेतले पोरही हसेल. परंतु १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आला, कोणी तो घेतला, कोणी नुसता पुढे ठेवून घेतला, आणि मागाहून गोपाळराव जोशी ह्यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभवा'त छापवून आणली, तेव्हा त्या शहरात हसण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. त्या यादीत रानडे होते आणि टिळकही होते. ग्रामण्य माजले, तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशीसाठी कमिशन बसले आणि ज्यांच्या विद्वत्तेपुढे सारा महाराष्ट्र नमत होता त्यांच्या घरच्या धर्मकार्याला भिक्षुक मिळण्याची मारामार पडली. काशीत आपण प्रायश्चित्त घेतले आहे, असे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. ते स्वतःच्या सोयीसाठी घेतलेले नव्हते. ह्या वादात होरपळणाऱ्या मित्रांच्या कुटुंबांची अडचण त्यांना पाहवली नाही. तरी त्यांच्या चाहत्यांना ते फार लागले.

ही जुनी कथा आम्ही उकरून काढली ती कोणाला खाली पाहावयास लावण्यासाठी नव्हे. जातपंचायत, वाळीत, दंड, शुद्धीकरण हे शब्द कानी पडले की आपल्या सुशिक्षित वर्गाच्या मुद्रेवर एक दूरस्थ अनुकंपा उमटते. हे कोठे तरी पालांवर, तांड्यांवर, कोकणातल्या आडगावी चालते, आपला त्याच्याशी काय संबंध, असा तो भाव असतो. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. ज्या पांढरपेशा समाजाने आज वृत्तपत्रे वाचण्याची आणि मते बनविण्याची मिरास स्वतःकडे घेतली आहे, त्याच समाजाने बहिष्काराचे शस्त्र पिढ्यान्‌पिढ्या परजले. १८९३ च्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्व्यांनी एका विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने सभा भरवून त्यांच्याशी संबंध तोडण्याचे ठराव केले. पंक्तीला बसावयाचे नाही, सभेत बसावयाचे नाही. आणि कर्वे घरी उतरले तर त्यांच्या वृद्ध मातेलाही वाळीत टाकावयाचे! मुलाच्या 'अपराधा'साठी आईला ओलीस धरणारी ही युक्ती कोणा निरक्षर पंचाने शोधून काढलेली नव्हती. त्याच कर्व्यांना १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. दीर्घायुष्य लाभले म्हणून त्यांना हा न्याय पाहता आला, एवढेच.

रानडे, टिळक, कर्वे ह्यांच्यापाशी विद्या होती, उपजीविकेचे स्वतंत्र साधन होते, आणि शहर हा आश्रय होता. ज्याच्यापाशी ह्यांतले एकही नाही, त्याच्या वाट्याला बहिष्कार आला म्हणजे काय होते? त्याच्या दुकानावर कोणी फिरकत नाही. त्याच्या शेतावर मजूर येत नाही आणि त्याला दुसऱ्याच्या शेतावर मजुरी मिळत नाही. सार्वजनिक विहिरीवर त्याची बायको आली की बाकीच्या बाया कळशा उचलून मागे सरतात. लग्नाचे आवतण नाही, होळीचा मान नाही, पालखी दाराशी थांबत नाही. घरात मृत्यू झाला तर खांदा देण्यास चौघे मिळत नाहीत. ह्या सगळ्यात कोणी कोणाच्या अंगाला बोट लावलेले नसते. पोलिस ठाण्यात जाऊन हा मनुष्य सांगणार तरी काय? 'माझ्याशी कोणी बोलत नाही' ही फिर्याद कोणत्या नोंदवहीत लिहावयाची? वाळीत टाकण्याचे खरे सामर्थ्य ह्यात आहे. मारहाणीचा वळ दाखविता येतो, अबोल्याचा वळ दाखविता येत नाही.

ही गोष्ट ज्यांनी सर्वांच्या आधी कायद्याच्या भाषेत मांडली ते डॉ. आंबेडकर. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करणाऱ्यांना गावोगावी त्याची काय किंमत द्यावी लागली, हे त्यांनी पाहिले होते. मुंबई सरकारने नेमलेल्या ज्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते, तिच्या १९३० च्या अहवालात दलितांच्या हक्कांवर घाला घालणारे सर्वांत भयंकर शस्त्र म्हणून सामाजिक बहिष्काराकडे बोट दाखविलेले आहे. कसावयास दिलेली जमीन काढून घेणे, काम बंद करणे, शेतातून जाण्यायेण्याची वाट अडविणे, वाण्याने माल न देणे अशी त्याची सारी अंगे त्यात वर्णिली आहेत. त्याच सुमारास गोलमेज परिषदेपुढे त्यांनी बहिष्कार हा दंडनीय अपराध ठरविण्याची मागणी केली आणि नमुना म्हणून १९२२ चा ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायदा पुढे ठेवला. स्वातंत्र्यानंतर १९५५ चा अस्पृश्यताविरोधी कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ह्यांनी त्या मागणीचा काही अंश पुरा केला. पण एका जातीने दुसऱ्या जातीवर टाकलेला बहिष्कारच तेवढा त्या कायद्यांच्या कक्षेत येतो. स्वतःच्याच जातीने, स्वतःच्याच भावकीने टाकलेल्या माणसाने काय करावे, ह्या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते.

वस्तुतः ते उत्तर मुंबई राज्याने फार लवकर दिले होते. कोणत्याही समाजाने आपल्या सभासदाला बहिष्कृत करणे बेकायदा ठरविणारा कायदा ह्या राज्याने १९४९ सालीच केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्यास आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. पण १९६२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो रद्द केला. धार्मिक कारणासाठी सभासदास बहिष्कृत करणे ही त्या संप्रदायाची अंतर्गत बाब असून घटनेच्या २६ व्या अनुच्छेदाने तिला संरक्षण आहे, असे बहुमताचे म्हणणे पडले. विरोधात उभे राहिले ते एकटे सरन्यायाधीश सिन्हा. बहिष्कृत मनुष्य आपल्या समाजात व्यवहारतः अस्पृश्यच होऊन बसतो, आणि अस्पृश्यता तर घटनेने गाडली आहे, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ह्या निकालाचा फेरविचार व्हावा, असे ठरवून प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविला. सरन्यायाधीशांच्या एकाकी मताची दखल घेण्यास एकसष्ट वर्षे लागली, ह्याची नोंद येथे केलेली बरी.

मधल्या काळात महाराष्ट्र स्वस्थ बसला. त्याला जाग आली ती नाशिकच्या एका हत्येने. जून २०१३ मध्ये तेथे एका पित्याने, जातीबाहेर लग्न केलेल्या आपल्या गरोदर मुलीचा गळा आवळला. त्यामागील जातपंचायतीची दहशत अंधश्रद्धा निर्मूलन समितीने उघड केली आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम उभारली. मोहिमेला आरंभ होऊन काही आठवडे लोटले न लोटले तोच, २० ऑगस्ट २०१३ रोजी, पुण्यात त्यांचा खून झाला. पण काम थांबले नाही. तक्रारी येत राहिल्या. रायगड जिल्ह्यातील वाळीत प्रकरणे वृत्तपत्रांतून आणि न्यायालयांतून गाजली. आणि १३ एप्रिल २०१६ रोजी विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी विधेयक एकमताने संमत केले. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ३ जुलै २०१७ पासून तो कायदा अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, बहिष्काराचा ठराव करण्यासाठी भरणारी बैठक आधीच रोखण्याचा जिल्हाधिकाऱ्यांना अधिकार, आणि आरोपपत्रापासून सहा महिन्यांत निकाल लागावा अशी अपेक्षा, ही त्याची ठळक कलमे. असा स्वतंत्र कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य, हे आम्ही अभिमानाने सांगतो. मात्र १९४९ साली जे केले होते तेच आपण पुन्हा केले, हेही त्याच दमात सांगावयास हवे.

कायद्याच्या टीकाकारांपैकी एका प्रकाराकडे आम्ही फारसे लक्ष देत नाही. 'कायद्याने मने बदलत नाहीत' असे म्हणणारे हे लोक सतीबंदीच्या वेळीही होते आणि संमतिवयाच्या वेळीही होते. मन बदलण्यास शंभर वर्षे लागोत; तोपर्यंत विहिरीवरून कळशी भरून नेण्याची सोय मात्र आजच झाली पाहिजे. आपल्या मंडळात कोणास ठेवावे आणि कोणास न ठेवावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक समाजास आहे, हा दुसरा आक्षेप अधिक सभ्य वेषात येतो. क्लबाच्या बाबतीत तो ठीक आहे. क्लबातून नाव कमी झाले तर मनुष्य दुसरा क्लब शोधतो. जात मनुष्याने निवडलेली नसते, तिचा राजीनामा देता येत नाही, आणि तिच्यातून हाकलले तर जावयास दुसरी जागा नसते. प्रवेशाच्या वेळी ज्याची संमती विचारली नाही, त्याच्यावर हकालपट्टीचे नियम लादणे ह्याला सभासदत्व म्हणत नाहीत.

परंतु तिसरा आक्षेप असा आहे की तो ऐकताना मान खाली जाते. भटक्या आणि विमुक्त समाजांतले वडीलधारे पंच म्हणतात, 'आमची पंचायत आमच्यावर कोणी लादली नाही. तुमच्या कोर्टकचेऱ्यांनी आम्हांला दार लावले म्हणून आम्ही ती धरून ठेवली.' हे म्हणणे खोटे नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातींच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. त्यांच्यासाठी तारांच्या कुंपणातील वसाहती उभ्या केल्या. आपल्या सोलापुरात ते कुंपण होते. पोलिसांपुढे हजेरी दिल्यावाचून त्यांना गाव ओलांडता येत नसे. १९५२ च्या ३१ ऑगस्टला तो कायदा रद्द झाला. पण चोरी झाली की आधी पालांवर धाड घालण्याची खाकी सवय त्याच दिवशी रद्द झाली, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ज्यांना फौजदार म्हणजे लाथ आणि वकील म्हणजे कर्ज एवढेच ठाऊक, त्यांनी आपसातले तंटे झाडाखाली बसून मिटविले तर त्यात आश्चर्य कोणते? मढीला कानिफनाथांच्या यात्रेत निरनिराळ्या भटक्या जमातींच्या पंचायती वर्षानुवर्षे बसत आल्या. दूरदूर विखुरलेल्या, पत्ता नसलेल्या माणसांना एकत्र भेटण्याचे आणि न्याय मागण्याचे तेवढेच एक ठिकाण होते. पंचायत हे त्यांचे अंगण होते, हे प्रथम मान्य करावे आणि मगच पुढे बोलावे.

पुढचे बोलणे मात्र टाळता येत नाही. ह्या अंगणात बसण्याचा अधिकार कोणाला होता? अनेक ठिकाणी स्त्रीला तेथे बोलता येत नसे. तिच्या चारित्र्याचा निवाडा तिच्या गैरहजेरीत, किंवा त्याहून वाईट म्हणजे तिच्या मूक हजेरीत, पुरुष करीत. दंडाची रक्कम कोठे जाते, हे विचारणे हाच नवा गुन्हा ठरे. निवाड्यावर अपील नाही. आणि निवाडा मानला नाही तर शिक्षा एकच, ती म्हणजे वाळीत. न्यायासाठी स्वेच्छेने पंचांकडे जाणे आणि पंचांकडे न गेल्यास जगणे अशक्य होणे, ह्या दोन गोष्टींमध्ये जी रेघ आहे तीच २०१७ च्या कायद्याने ओढली आहे. तंटा मिटविणाऱ्या पंचायतीस हा कायदा हात लावीत नाही. विस्तव आणि पाणी बंद करण्याची तिची सत्ता तेवढी काढून घेतो. आणि ज्यांना पंचायत सोडावयास सांगावयाचे त्यांच्यासाठी तालुक्याच्या न्यायालयाचे दार किलकिले तरी उघडले पाहिजे, हे शासनाचे ऋण आहे. ते न फेडता नुसते खटले भरणे म्हणजे मनुष्याची झोपडी पाडून त्याला घराची महती सांगण्यासारखे आहे.

हा प्रश्न त्या त्या समाजाच्या आतूनच सुटू लागला आहे, ही आशेची गोष्ट. कंजारभाट समाजात नववधूच्या कौमार्याची परीक्षा घेऊन तिचा निकाल पंचांपुढे जाहीर करण्याची प्रथा होती. तिच्याविरुद्ध उठली ती त्याच समाजातील शिकलेली तरुण मुले आणि मुली. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीत एका लग्नप्रसंगी ह्या तरुणांपैकी काहींना मारहाण झाली. पुढल्या वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, अशी चाचणी हा लैंगिक अत्याचाराचा प्रकार मानला जाईल असे राज्य सरकारने जाहीर केले. ह्या तरुणांचे धैर्य आम्हांला पंचहौद मिशनच्या चहापेक्षा मोठे वाटते. त्यांच्या पाठीशी ना विद्वत्सभा होती, ना वृत्तपत्र. ज्यांच्याशी झगडावयाचे ते पंच त्यांचे काका-मामाच होते, आणि झगडा संपल्यावर त्यांना त्याच गल्लीत राहावयाचे होते.

ह्याच ठिकाणी कायद्याची गाडी अडते. बहिष्काराचा ठराव कागदावर लिहिलेला नसतो. तो देवळात, ओटीवर, लग्नाच्या मांडवामागे तोंडी होतो. तो सिद्ध करावयाचा तर त्या बैठकीस हजर असलेल्या कोणी तरी साक्ष दिली पाहिजे, आणि जो साक्ष देईल तो उद्याचा बहिष्कृत. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर तडजोड करण्याची सोय कायद्यात आहे. ती मुळात वाईट नव्हे, कारण पीडितास सूड नको असतो, शेजार हवा असतो. पण साऱ्या गावाचा दाब ज्याच्यावर आहे त्याची संमती किती खरी, हे पाहण्याचे काम न्यायाधीशाला चार मिनिटांत करावे लागते. कायद्याने बहिष्कार प्रतिबंधक अधिकाऱ्यांची तरतूद केली आहे. हे अधिकारी तक्रार येण्याची वाट न पाहता स्वतः गावात गेले, वाळीत टाकलेल्या घराच्या ओटीवर दिवसाढवळ्या बसले, तर दहा आरोपपत्रांचे काम एका भेटीत होईल. सरकारी जीप ज्या दाराशी थांबते, त्या दाराकडे पाठ फिरविणे गावाला जड जाते.

राहता राहिला आमचा वाचक. बहिष्कार पंच टाकीत नाहीत. पंच फक्त बोलतात. तो अमलात आणतात ती बाकीची साठ घरे, आणि त्या साठांतली कित्येक माणसे आज शहरांत नोकरी करतात. कोकणातील गावकीचे उदाहरण आमच्या मुंबईकर वाचकांच्या फार परिचयाचे आहे. गावात देवळाचा जीर्णोद्धार, सभामंडप, पालखीचा खर्च हे सारे मुंबईच्या मंडळाच्या वर्गणीवर चालते. गावचे पुढारी मुंबईच्या मंडळाला विचारल्यावाचून देवळाची कौलेही परतीत नाहीत. मग अमुक घर वाळीत टाकावयाचे हे मात्र मुंबईकरांना न विचारता ठरते, असे आम्ही समजावे काय? चाकरमान्याला सारे ठाऊक असते. तो मुंबईत बँकेत असतो, कॉलेजात शिकवितो, संध्याकाळी पुरोगामी व्याख्यानाला जातो. आणि गावच्या बैठकीत बहिष्काराच्या विषयाला मान खाली घालून 'जे सर्वांना ते आपल्याला' म्हणतो. विचारले तर सांगतो की, 'माझे काय, मी दोन दिवसांचा पाहुणा. म्हातारी आई तिकडे एकटी असते, तिला त्रास नको.' कर्व्यांच्या आईची भीती दाखवून मुरूडने जे साधले, तेच आज ह्याच्या आईची भीती दाखवून साधले जाते. भीती खरी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण वाळीत टाकलेल्या घरातही एक म्हातारी असते.

गणपतीच्या दिवसांत मुंबई अर्धी रिकामी होते. एस.टी. आणि कोकण रेल्वे भरभरून जातात, गावोगावी घराघरांतून आरत्या होतात, आणि प्रथेप्रमाणे आरतीची मंडळी एका घरातून दुसऱ्या घरात जाते. वाटेत एक घर वगळले जाते. त्या घरातही मूर्ती आणलेली असते, समई लावलेली असते, प्रसादाची वाटी भरून ठेवलेली असते. टाळ-मृदंगाचा आवाज दारावरून पुढे जातो आणि आतली माणसे आपापसांत आरती म्हणतात. त्या घोळक्यात शहरातून आलेले, पदवी घेतलेले, हे वृत्तपत्र वाचणारे दहा-बारा जण तरी असतात. त्यांच्यापैकी दोघांनी टाळ हाती घेऊन त्या अंगणात पाऊल टाकले, तर त्यांच्यावर दंड बसविण्यापूर्वी पंचांना दहादा विचार करावा लागेल, कारण सभामंडपाची वर्गणी ह्याच दोघांच्या खिशातून येते. येत्या गणपतीत गावी निघताना आमच्या वाचकांनी एवढी चौकशी अवश्य करावी, की आपल्या वाडीत आरती कोणाच्या घरी जात नाही.